मीटिंग स्ट्रीटवरची जुनी घरं: तिकीट कुठे काढावं, कुठे फुटपाथवरूनच बघावं

एकाच घराचं तिकीट काढायचं असेल तर एकिन-रेट हाउसचं काढा. दोन बघायची असतील तर जोडीला नॅथॅनियल रसेल हाउस घ्या. तिसऱ्यासाठी खिशात हात घालण्याआधी जरा थांबा. बाकीचा सगळा रस्ता फुटपाथवरून, फुकट. चार्लस्टनच्या मीटिंग स्ट्रीटबद्दल आमचा निकाल एवढाच आहे. तो असा का, ते पुढे.

साउथ कॅरोलायनातलं हे बंदराचं शहर शार्लटहून गाडीने साडेतीन तासांवर आहे आणि अटलांटाहून पाच. लाँग वीकेंडला त्या बाजूची मराठी मंडळी इथे हटकून येतात. बहुतेक जण घोडागाडीत तासभर बसतात, रंगीत घरांसमोर फोटो काढतात, जेवतात आणि परततात. घरांच्या आत जाणारे थोडे, आणि घरांच्या मागे जाणारे त्याहून थोडे. खरं बघण्यासारखं मात्र मागेच आहे. आपण ज्याला परसदार म्हणतो, ते.

आधी रस्ता समजून घ्या. घरांचे क्रमांक दक्षिणेकडून, समुद्राच्या टोकापासून सुरू होतात. २ क्रमांकाचं घर बागेसमोर, तर ३५० क्रमांकाचं जोसेफ मॅनिगो हाउस उत्तरेला. मधलं अंतर जेमतेम दोन किलोमीटर, म्हणजे रमतगमत अर्धा-पाऊण तास. पण सलग जुनी घरं दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. ११ डिसेंबर १८६१ ला लागलेली आग शहर आडवं कापत गेली आणि तिने या रस्त्याचा मधला भाग खाल्ला. ज्या सभागृहात आदल्या वर्षी, २० डिसेंबर १८६० ला, साउथ कॅरोलायनाने संघराज्यातून फुटून निघण्याच्या ठरावावर सह्या केल्या, ते याच रस्त्यावर होतं आणि याच आगीत गेलं. शेजारचं सर्क्युलर चर्चही जळालं. आजची गोल इमारत १८९० ते १८९२ मधली आहे. या चर्चच्या जुन्या प्रार्थनागृहाला लोक 'व्हाइट मीटिंग' म्हणत, त्यावरून रस्त्याचं नाव पडलं. त्यामुळे आज मधे हॉटेलं आणि दुकानं, तर जुनी घरं दोन्ही टोकांना. ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला जास्त, उत्तरेला तुरळक पण मोठी.

गाडी दक्षिणेकडे नेऊ नका. तिथे पार्किंगसाठी फेऱ्या मारताना सकाळ संपते. ३७५ मीटिंग स्ट्रीटला व्हिजिटर सेंटर आहे, त्याच्या जवळच बहुमजली पार्किंग आहे आणि स्वच्छतागृहंही तिथेच. तिथून 'डॅश' नावाच्या फुकट बस सुटतात. म्हणजे उत्तरेकडून सुरुवात करायची, दक्षिणेला उतरत जायचं आणि परत येताना बस पकडायची. या क्रमाला आणखी एक कारण आहे. एकिन-रेट हाउसमध्ये एसी नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट असते, आणि दुपारी दोननंतर वरच्या मजल्यावर उभं राहवत नाही. ते घर सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. रसेल हाउस थंड असतं, ते दुपारसाठी ठेवा.

निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा. ही सूचना गमतीची नाही. चार्लस्टन हार्बरच्या मापकावर पाणी ७ फुटांच्या वर जाणार असेल तर सखल रस्त्यांवर पाणी येतं, ८ फुटांना परिस्थिती गंभीर होते. पाऊस नसतानाही. कारण साधं आहे: शहराचा बराच भाग खाड्या आणि दलदल बुजवून केलेला आहे, आणि पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. मीटिंग आणि मार्केट स्ट्रीटचा चौक हा त्यातला पहिला बळी, कारण बाजाराची लांब शेडच मुळी बुजवलेल्या ओढ्यावर उभी आहे. हे पाणी खारं असतं. त्यातून गाडी घातली तर ब्रेक गंजतात. पायी गेलात तर बुटांचे हाल. भरतीच्या आगेमागे दोन तास तो चौक टाळला की काम झालं.

आता एकिन-रेट हाउस. रस्त्याच्या नावाशी काटेकोर राहायचं तर हे मीटिंग स्ट्रीटवर नाहीच, पूर्वेला एलिझाबेथ स्ट्रीटवर ४८ क्रमांकाला आहे. व्हिजिटर सेंटरपासून चालत पाचेक मिनिटं. तरी यादीत पहिलं तेच.

जॉन रॉबिन्सन नावाच्या व्यापाऱ्याने ते १८२० मध्ये बांधलं. पुढे त्याचा धंदा बुडाला आणि १८२७ मध्ये घर एकिन कुटुंबाकडे आलं. धाकटा विल्यम एकिन १८३३ मध्ये इथे राहायला आला, आणि १८४४ ते १८४६ राज्याचा गव्हर्नर होता. त्याने पहिलं काम केलं ते मुख्य दरवाजा हलवण्याचं. आधी जुडिथ स्ट्रीटच्या बाजूला असलेला प्रवेश त्याने एलिझाबेथ स्ट्रीटकडे फिरवला, आत संगमरवरी पायऱ्या आणि ओतीव लोखंडाचा कठडा घातला. पाहुणा आत आला की मान वर करूनच उभा राहिला पाहिजे, हा हेतू. १८५८ मध्ये युरोपातून आणलेली चित्रं आणि पुतळे ठेवायला स्वतंत्र दालन जोडलं. हे सगळं पैशावर, आणि पैसा भातावर. एकिनचं जेहोसी बेटावर भाताचं प्लांटेशन होतं आणि तिथे ७०० हून अधिक माणसं गुलामीत राबत होती.

घर १९७५ पर्यंत त्याच कुटुंबाच्या वंशजांकडे राहिलं. मग ते चार्लस्टन म्युझियमकडे आणि १९९५ मध्ये हिस्टॉरिक चार्लस्टन फाउंडेशनकडे गेलं. इथे महत्त्वाचा निर्णय झाला: घर चकाचक करायचं नाही, सापडलं तसं राखायचं. म्हणजे छप्पर गळू द्यायचं नाही, वाळवी आटोक्यात ठेवायची, ढासळणारा गिलावा धरून ठेवायचा. पण नवा रंग द्यायचा नाही, नवा वॉलपेपर चिकटवायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नव्याने रंगवणं स्वस्त आणि सोपं असतं, निम्मा सुटलेला वॉलपेपर पुढची पन्नास वर्षं तसाच लटकत ठेवणं अवघड. दिवाणखान्यात जाल तेव्हा भिंतीचा पापुद्रा सुटलेला एखादा कोपरा निवडा आणि तिथे दोन मिनिटं उभे राहा. कागद, खाली गिलावा, गिलाव्याखाली लाकडी पट्ट्या, असं घराचं पोट उघडं दिसतं. दुसऱ्या कुठल्याही तिकिटात हे मिळत नाही. काही जण बाहेर येऊन 'देखभालच नाही हो' अशी तक्रार करतात. त्यांना आधी कुणी सांगायला हवं होतं, एवढंच.

इथे गाईड नाही, ऑडिओ आहे. ते बरंच आहे, कारण वेग तुमच्या हातात राहतो. आपले इयरफोन न्या. ऑडिओचा क्रम मोडायला हरकत नाही, आणि आम्ही तो मोडावा असंच म्हणू: घराआधी मागचं आवार बघून घ्या.

आवार लांबट आहे, दोन्ही बाजूंना दुमजली इमारती. एकीकडे खाली स्वयंपाकघर आणि धुण्याची खोली, समोर तबेला आणि गाडीखाना. दोन्हींच्या वरच्या मजल्यावर गुलामांच्या खोल्या. जिना चढून गेलं की अरुंद बोळ आणि त्याला लागून एकेक खोली. खिडक्या कुठे उघडतात ते नीट पाहा. त्या आवारातच उघडतात, शेजाऱ्याकडे किंवा रस्त्याकडे नाही. खोलीतून बाहेरचं जग दिसायचं नाही, मात्र घरातल्यांना आवार पूर्ण दिसायचं. आता खालच्या चुलीसमोर उभे राहा. ही चूल ऑगस्टमध्येही पेटलेली असायची आणि तिची धग कुणाच्या झोपायच्या खोलीत चढत असेल, हे सांगायला ऑडिओ लागत नाही. इथे राहिलेल्या काहींची नावं माहीत आहेत: डॉर्कस आणि सँबो रिचर्डसन आणि त्यांची मुलं, सुतारकाम करणारे विल आणि जेकब. तबेल्याच्या इमारतीला आणि आवाराच्या टोकाच्या शौचकूपांना गॉथिक वळणाच्या टोकदार कमानी आहेत. गव्हर्नरच्या खिडकीतून दिसणारं दृश्य सुबक हवं होतं, म्हणून.

यानंतर समोरच्या जिन्याने दिवाणखान्यात जा. तोच संगमरवर वेगळा दिसतो. सगळं मिळून दीड तास धरा. गुडघे दुखत असतील तर आवार आणि खालचा मजला एवढंच करा, वरच्या मजल्यांना जिन्याशिवाय वाट नाही.

तिथून परत मीटिंग स्ट्रीटवर या, ३५० क्रमांकाचं जोसेफ मॅनिगो हाउस समोर येतं. १८०३ मधलं. भातशेतीवाल्या धनिकासाठी त्याच्या भावाने, गॅब्रिएल मॅनिगोने, आराखडा काढला. गॅब्रिएल व्यावसायिक वास्तुविशारद नव्हता, हौशी होता, पण हात पक्का. घराच्या बाजूंना दिलेले गोलाकार फुगवटे, आतला वळणदार जिना, बागेच्या दारातलं देवळासारखं गोल घुमटीचं छोटं प्रवेशद्वार, सगळं हलकं आणि मोजून केलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची ती नाजूक शैली समजून घ्यायला हे घर उत्तम.

मग तिसऱ्या तिकिटाबद्दल हात आखडता का? कारण आतलं सामान बहुतांशी त्या काळातलं असलं तरी त्या घराचं नाही, म्युझियमच्या संग्रहातलं आहे. आणि मागचं आवार उरलेलंच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घराची पडझड झाली होती, बागेच्या जागेत पुढे पेट्रोल पंपही आला. घर पाडलं जाणार म्हणून १९२० मध्ये सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांच्या पुढाकाराने जुन्या घरांच्या रक्षणासाठी संस्था उभी राहिली, १९३३ मध्ये घर म्युझियमकडे आलं आणि वाचलं. स्वयंपाकघर, गुलामांची खोपटी, तबेला कुठे होता ते आज बागेत पाट्यांवर वाचायचं. पाट्या प्रामाणिक आहेत, पण पाटी ती पाटीच. प्रवेशद्वाराची घुमटी रस्त्यावरूनही छान दिसते. चार्लस्टन म्युझियम बघणारच असाल तर त्यांचं जोडतिकीट मिळतं, त्यात हे घर घ्या. ते फायद्याचं. नुसतं वेगळं काढू नका.

मधला पट्टा भराभर ओलांडा. १८८ क्रमांकाला १८४१ चा मार्केट हॉल आहे, उंच जोत्यावरचं ग्रीक मंदिरच जणू. इथे एक गैरसमज दुरुस्त करून घ्या, कारण पर्यटक तो हमखास करतात: मागची लांब शेड म्हणजे गुलामांचा बाजार नव्हे. तिथे मांस, मासळी, भाजी विकली जाई. गुलामांची उघड्यावर होणारी विक्री शहराने १८५६ मध्ये बंद केली. दया आली म्हणून नव्हे, सौदा फक्त चार भिंतींच्या आड गेला. त्यातली एक जागा चामर्स स्ट्रीटला ६ क्रमांकाला उभी आहे, ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम. मीटिंग स्ट्रीटवरून दोन मिनिटांचा फाटा. तो रस्ता गोल दगडांचा आहे, टाचेच्या चपला नकोत. मॅनिगोच्या तिकिटाचे वाचलेले पैसे इथे घाला.

ब्रॉड स्ट्रीट ओलांडला की रस्त्याचा नूर पालटतो. फुटपाथवर सावली, हॉटेलं गायब. ५९ क्रमांकाचं ब्रॅनफर्ड-हॉरी हाउस अठराव्या शतकातलं, पण १८३१ च्या सुमारास त्याला सज्जा जोडला तो थेट फुटपाथवर. आजही माणसं त्याच्या खांबांमधून चालत जातात. पाऊस आला तर आडोशाला उत्तम जागा.

आणि ५१ क्रमांकाला नॅथॅनियल रसेल हाउस.

रसेल ऱ्होड आयलंडचा. १७६५ मध्ये इथे व्यापाराला आला आणि इतका मोठा झाला की लोक त्याला 'यँकींचा राजा' म्हणत. १८०८ मध्ये घर पुरं झालं तेव्हा तो सत्तरीचा होता. पहिल्या मजल्याच्या लोखंडी सज्जात त्याने आपली आद्याक्षरं बसवून घेतली, ती फुटपाथवरूनच वाचता येतात. घराचा आराखडा भूमितीच्या वहीसारखा: प्रत्येक मजल्यावर पुढे आयत खोली, मधे लंबगोल, मागे चौकोनी. चार्लस्टनच्या इतर घरांसारखी बाजूची लांब पडवी इथे नाही. तिच्याऐवजी दक्षिणेला तीन मजले उंच बहुकोनी फुगवटा आहे, तिकडच्या खिडक्यांमधून वारा मधल्या खोल्यांत येतो.

लोक येतात ते जिना बघायला, आणि तो तसाच आहे. लंबगोल फिरत तीन मजले चढतो, मधे खांब नाही, आतल्या कडेला आधार नाही. युक्ती अशी की प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत गुंतलेलं आहे आणि पुढची कड खालच्या पायरीवर टेकते. वरचा भार पायरीपायरीने खाली उतरतो. पायरीला खाली लोंबू द्यायचं नाही, फक्त पिळवटू द्यायचं आणि तो पीळ भिंतीने झेलायचा. म्हणून असा जिना भिंतीच्या जिवावर जगतो. भिंत किंचित हलली, लाकूड आक्रसलं, की पहिली बारीक फट पायरी आणि भिंतीच्या सांध्यात दिसते. बघायचं असेल तर गाईड पुढच्या खोलीकडे वळताना मागे राहा आणि जिन्याच्या पोटाखालून वर बघा, समोरून नव्हे. खालून बघितलं की त्या वळणाची एकसंध कड शिंपल्याच्या आतल्या कडेसारखी दिसते. समोरून दिसतो तो नुसता देखणा जिना.

दारांकडेही जवळून पाहा. महोगनी वाटणाऱ्या पृष्ठभागावर त्या काळात बऱ्याचदा रंगाऱ्याची करामत असे: साध्या सायप्रसच्या फळीवर रंगाचे थर देऊन ओल्या रंगातच कंगव्याने आणि ब्रशने लाकडाच्या रेषा ओढायच्या. खऱ्या लाकडाची रेषा सांध्यावर तुटते. रंगाऱ्याची कधी कधी बिनदिक्कत पलीकडे जाते. पकडायची खूण ती.

फाउंडेशनने हे घर १९५५ मध्ये विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी लोकांसाठी उघडलं. एकिन-रेटच्या अगदी उलट धोरण इथे: मूळ रंगाचे थर खरवडून, तपासून, १८०८ चं घर पुन्हा उभं केलं आहे. एकाच संस्थेने दोन घरांत दोन टोकाच्या पद्धती वापरल्या, आणि दोन्ही एका दिवसात बघता येतात, म्हणून यांचं जोडतिकीट आम्हाला रास्त वाटतं. ते आधी ऑनलाइन काढा, शनिवार-रविवारी रसेल हाउसच्या फेऱ्या भरतात. शेवटची फेरी घर बंद होण्याच्या बरीच आधी सुटते, याकडे लोकांचं लक्ष नसतं.

आणि इथलंही परसदार चुकवू नका. रसेलच्या पैशात गुलामांच्या व्यापाराचा वाटा होता, आणि अठरापर्यंत गुलाम याच आवारात राहत-राबत होते. मागच्या स्वयंपाकघराच्या इमारतीच्या भिंतींच्या पोकळ्या उघडल्या तेव्हा आत उंदरांची जुनी घरटी मिळाली. उंदराने गोळा केलेलं सगळं: कापडाचे तुकडे, सुया, बटणं, आणि शिकण्याच्या पुस्तकातल्या छापील कागदाचा तुकडा. साउथ कॅरोलायनात १७४० पासून गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा होता, १८३४ मध्ये वाचायला शिकवणंही. तो कागद तिथे कुणी बाळगला, हे उंदराने सांगितलेलं नाही. पण त्या तुकड्यापुढे वरच्या मजल्यावरचा सोन्याचा वर्ख फिका पडतो.

इथून पुढे तिकीट नको. १६ क्रमांकाचं प्रचंड घर, पूर्वी कॅल्हून मॅन्शन आणि आता विल्यम्स मॅन्शन म्हणतात ते, १८७६ मधलं. पस्तीस खोल्या. यादवी युद्धाने शहर भिकेला लागलेलं असताना जॉर्ज विल्यम्स या घाऊक व्यापारी आणि सावकाराने ते उभारलं. आजूबाजूच्या संयमी घरांमध्ये ते जरा जास्तच बोलतं. जाता जाता: त्याच युद्धात उत्तरेकडच्या राज्यांच्या आरमाराने १८६१ पासून ही बंदरं कोंडली, इथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअर बाजाराचं दिवाळं वाजलं. चार्लस्टनचं बंद बंदर आणि मुंबईची ती तेजी एकाच नाण्याच्या दोन बाजू. २ क्रमांकाचं घर १८९० ते १८९२ मधलं, बुरूज आणि गोल व्हरांड्यांचं, अगदी केकसारखं. फोटो काढा, पुढे चला.

फुटपाथवरून बघताना तीन गोष्टी ओळखता आल्या की रस्ता बोलायला लागतो. पहिली, 'सिंगल हाउस'. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, रुंदी फक्त एका खोलीची. आत एका मजल्यावर दोन खोल्या, मधे जिना. रस्त्यावरचं दार उघडलं की घरात नाही, पडवीत जाता, आणि खरा दरवाजा त्या पडवीच्या मध्यावर. पडवी शक्यतो दक्षिणेला किंवा पश्चिमेला, कारण उन्हाळी वारा तिकडून येतो. उत्तरेच्या भिंतीला खिडक्या कमी, म्हणजे शेजाऱ्याच्या पडवीत डोकावता येत नाही. गाईड सांगतात की रस्त्याकडच्या रुंदीवर कर होता म्हणून घरं अशी. त्या कराचा पुरावा कुठे नाही. अरुंद, खोल भूखंड, वारा आणि आगीची भीती, एवढ्यात उत्तर मिळतं.

दुसरी, भिंतीवरच्या लोखंडी चकत्या. गोल, चांदणीच्या, क्रॉसच्या, कधी सिंहाच्या तोंडाच्या. ३१ ऑगस्ट १८८६ ला रात्री पावणेदहा वाजून गेल्यावर सुमारे ७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि विटांच्या भिंती बाहेर झुकल्या. दुरुस्ती अशी केली: तक्तपोशीखालून, तुळयांच्या मधून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी सळई ओवायची, दोन्ही टोकांना आटे पाडायचे, बाहेरून चकती लावून नट आवळायचा. भिंत फाकायची थांबते. पण सळई आतल्या आत गंजते, आणि चकतीमागचा जुना मऊ चुना दाबला गेला की नट सैल होतो. म्हणजे चकती दिसते, पण काम करत असेलच असं नाही. काही चकत्या तर नुसत्या शोभेच्या. समोरच्या भिंतीवर तिची जोडीदार आहे का आणि ती त्याच उंचीला, मजल्याच्या पातळीत आहे का, ते पाहा. नसेल तर संशय घ्यावा.

तिसरी, विटांच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधले चुन्याने भरलेले सांधे. इथला जुना चुना शिंपले भाजून केलेला, पांढुरका, त्यात शिंपल्याचे कण बोटाला लागतात. तो विटेपेक्षा मऊ, म्हणून ओल त्यातून बाहेर पडते आणि झिजायचं ते तो झिजतो. विसाव्या शतकात अनेक ठिकाणी दर्जा सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट कडक, ओल त्यातून निघत नाही, ती विटेतून निघते. जाताना मीठ सोडते, विटेला लोणा लागतो आणि तिचा चेहरा पापुद्र्यासारखा गळतो. मग दृश्य असं: राखाडी सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि मधे विटा खड्ड्यासारख्या आत गेलेल्या. खारी ओल वर चढते ती जोत्याजवळच, म्हणून गुडघ्याएवढ्या उंचीवर बघा. खाली वाकलात तर क्वचित एखाद्या विटेवर बोटांचे ठसे सापडतात, ओली वीट उलटवणाऱ्या हातांचे. काही इतके लहान की पोरांचेच.

घोडागाडीचं काय? पाय थकले असतील तर बसा. पण गाडी कोणत्या भागात जाणार ते शहराच्या सोडतीवर ठरतं, गाडीवाल्याच्या किंवा तुमच्या मर्जीवर नाही. मीटिंग स्ट्रीटचं दक्षिण टोक बघायला म्हणून पैसे भरले आणि सोडतीत दुसराच भाग निघाला, असं होऊ शकतं. पायी फिरवणारा गाईड घ्यायचा असेल तर आणखी एक गोष्ट: चार्लस्टनमध्ये गाईडला परवाना सक्तीचा होता, तो नियम २०१८ मध्ये कोर्टाने रद्द केला. आता प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. फेरी बुक करण्याआधी ईमेलवर एकच प्रश्न विचारा: मागच्या आवारांबद्दल, तिथे राहणाऱ्या माणसांबद्दल, किती वेळ बोलता? उत्तरात नुसती भुतं आणि गव्हर्नर आले तर दुसरा शोधा. आणि खासगी घरांचं रस्त्यावरचं दार उघडं दिसलं तरी पडवीत पाऊल टाकू नका. ते कुणाचं तरी घर आहे, आत माणसं राहतात.